दुर्बिणीचा आरसा: हाताने घासायचा, उजेडाने पारखायचा

आमच्या देवघरात जुनी सहाण होती. वर्षानुवर्षं चंदनाचं खोड उगाळून तिच्या मधोमध एक उथळ, गुळगुळीत वाटी झाली होती. ती कुणी मुद्दाम कोरली नव्हती. दगड, लाकूड, थोडं पाणी आणि रोजचा हात, एवढ्यावर ती झाली. घरी दुर्बिणीचा आरसा घडवतात तेव्हा मुळात हेच करतात: एका काचेवर दुसरी काच, मध्ये पाणी आणि खरखरीत पूड. फरक आहे तो मापाचा. सहाणेची वाटी थोडी वाकडी असली तरी गंध तसंच उगाळलं जातं. आरशाची वाटी मात्र केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी जरी चुकली, तरी शनीची कडी धूसर दिसू लागतात.

मग ड्रमवर मांडून, त्याच्याभोवती फेऱ्या मारत हाताने घासलेली काच इतकी अचूक होते तरी कशी? आरसा करताना बघायला येणारा प्रत्येक जण हे विचारतो. उत्तराचा अर्धा भाग घासण्यात आहे आणि अर्धा पारखण्यात. मला स्वतःला दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा वाटतो, पण सुरुवात घासण्यापासूनच करावी लागेल.

न्यूटनने १६६८ मध्ये पहिली चालणारी परावर्ती दुर्बीण केली. तिचा आरसा तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा होता आणि जेमतेम सव्वा इंचाचा. आज आपण काच वापरतो, तत्त्व मात्र तेच आहे. नळीच्या तळाशी अंतर्वक्र आरसा ठेवायचा. तो ताऱ्याचा प्रकाश गोळा करून परत वर पाठवतो. वाटेत एक छोटा सपाट आरसा तिरपा बसवलेला असतो, तो हा प्रकाश बाजूला वळवून आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, आणतो. भिंगाच्या दुर्बिणीत प्रकाश काचेच्या पोटातून जातो, त्यामुळे काच आतूनही निर्दोष लागते, रंग फाकू नयेत म्हणून दोन वेगळ्या काचा लागतात आणि एकूण चार पृष्ठभाग घडवावे लागतात. आरशाचा एकच पृष्ठभाग कामाचा. काचेच्या आत बुडबुडे असले तरी चालतात. म्हणूनच हे काम घरच्या गच्चीवर होऊ शकतं.

पहिल्या आरशासाठी १५० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे बोलण्यातला सहा इंची, आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा निवडावा. ताऱ्याचा प्रकाश जिथे एकवटतो ती नाभी, आणि आरशापासून तिथपर्यंतचं अंतर ते नाभीय अंतर. नाभीय अंतर व्यासाच्या आठपट आहे म्हणून याला एफ/८ म्हणतात. असा आरसा उघड्या डोळ्यापेक्षा सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. हेच माप का, ते पुढे कळेल.

काच जाड हवी, साधारण व्यासाच्या सहाव्या भागाइतकी, नाहीतर ती स्वतःच्या वजनानेच वाकते. सहा इंचीला २५ मिलिमीटरची चकती बरी. बोरोसिलिकेट काच मिळाली तर उत्तम, कारण उष्णतेने ती साध्या काचेच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकीच प्रसरण पावते. पण साध्या काचेनेही काम होतं, फक्त धीर जास्त लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त आश्रमात संन्यासी म्हणून राहिलेल्या जॉन डॉब्सन यांनी जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचांतून आरसे घडवले, आणि पुढे त्या दुर्बिणी रस्त्याच्या कडेला मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवला.

आता घासणं. सारख्या आकाराच्या दोन चकत्या घ्यायच्या. एक ड्रमवर किंवा जड स्टुलावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवून घासायची. वरची खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. का, ते पुठ्ठ्याच्या दोन चकत्या हातात घेतल्या की स्पष्ट दिसतं. वरची चकती पुढे सरकली की तिचा काही भाग खालचीच्या बाहेर लोंबतो. त्या क्षणी हाताचा सगळा दाब वरच्या काचेच्या मध्याजवळ आणि खालच्या काचेच्या कडेवर एकवटतो. म्हणून वरची मध्ये झिजते आणि खालची कडेला. वरची आपला आरसा होणार असते.

घासताना तीन हालचाली एकदम चालू असतात. काच पुढे-मागे जाते, दर काही फटक्यांनी हातातल्या हातात थोडी फिरवली जाते, आणि घासणारा स्वतः ड्रमभोवती पाऊल पाऊल सरकत राहतो. त्यामुळे दोन काचा एकमेकींना अगदी त्याच जागी, त्याच दिशेने पुन्हा क्वचितच भेटतात. आता विचार करा: दोन पृष्ठभाग कसेही सरकवले, कसेही फिरवले, तरी एकमेकांना सगळीकडे टेकून राहतील असा आकार कोणता? असा एकच आकार आहे, गोलाचा तुकडा. कुठे उंचवटा राहिला तर त्यावर घर्षण जास्त होतं आणि तो आधी झिजतो. खड्डा असेल तर तिथे पूड पोचत नाही आणि बाजूचा भाग खाली येऊन त्याला गाठतो. हाताचं काम थोडं कमी-जास्त होतं, हीच इथे मोठी मदत. प्रत्येक फटका अगदी सारखा मारणारा माणूस एकच चूक त्याच जागी साठवत जातो. थोडा इकडे, थोडा तिकडे घासणारा नकळत गोलाकडे सरकत असतो.

सुरुवात ८० नंबरच्या कार्बोरंडमने, म्हणजे काच घासायच्या कठीण पुडीने, होते. नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक. चिमूटभर पूड, थोडं पाणी, आणि रस्त्यावर खडी ओढावी तसा करकर आवाज. मिनिटा-दोन मिनिटांत आवाज मऊ पडतो, म्हणजे कण फुटले, नवी पूड टाकायची. आपल्या मापाच्या आरशाला मध्ये किती खोली हवी याचा हिशेब सोपा आहे. आरशाच्या त्रिज्येचा वर्ग करायचा आणि त्याला वक्रतात्रिज्येच्या, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्या गोलाच्या त्रिज्येच्या, दुपटीने भागायचं. आरशाची त्रिज्या ७५ मिलिमीटर आणि वक्रतात्रिज्या नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे २४००. उत्तर येतं १.१७ मिलिमीटर. आरशावर पोलादी पट्टी आडवी ठेवायची आणि मधल्या फटीत १.२ मिलिमीटरचं ड्रिल बिट सरकवून बघायचं. ते जेमतेम जायला लागलं की खोली आली. हा १.१७ आकडा लक्षात ठेवा, तो पुढे एका वेगळ्याच जागी भेटणार आहे.

खोली आल्यावर १२०, २२०, ३२०, ५०० अशी पूड बारीक करत जायचं. प्रत्येक पायरीचं काम आधीच्या पायरीचे खड्डे घालवणं एवढंच. या टप्प्यात स्वच्छता हेच कौशल्य. माझ्या पहिल्या आरशाच्या वेळी बादली धुतली, ड्रम पुसला, काचा घासून धुतल्या, पण हात पुसायचं फडकं तेच ठेवलं. ५०० च्या पुडीत ८० चा एकच कण शिरला आणि काचेवर आरपार ओरखडा उठला. तो काढायला परत २२० वर जावं लागलं, दोन रविवार गेले. तेव्हापासून प्रत्येक नंबराला वेगळं फडकं, आणि नखं कापल्याशिवाय बारीक पुडीला हात लावायचा नाही.

बारीक पूड संपली की काच दुधी आणि रेशमासारखी होते. ती ओली करून उन्हात धरली की सूर्याचं बिंब भिंतीवर पडतं. ते सर्वांत लहान कुठे होतं त्यावरून नाभीय अंतर मोजता येतं. भिंतीवरच्या बिंबाकडे बघायचं, त्या प्रकाशाच्या वाटेत डोळा कधीच आणायचा नाही. आणि चकचकीत झालेला आरसा उघडा ठेवून उन्हात विसरायचा नाही, त्याने कापड पेटू शकतं.

पॉलिश करायला पिच लागतं. राळ आणि डांबराच्या जातीचा हा काळपट पदार्थ फार विलक्षण आहे. हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो, आणि त्यावर वजन ठेवून दिलं तर हळूहळू वाहतो. गरम पिच खालच्या चकतीवर ओतून आरशानेच दाबायचं, चौकोनी चर पाडायचे. त्याच्या या सावकाश वाहण्यामुळे ते आरशाचा नेमका आकार घेतं आणि त्याला सगळीकडे अंग लावतं. वर सिरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची अगदी बारीक पूड, आणि पाणी. पिच किती कडक हवं हे हवेवर ठरतं. थंडीत जमलेलं पिच मे महिन्याच्या पुण्यात इतकं मऊ पडतं की चर भरून जातात आणि आरशाची कड खाली वळते. कड पडणं हा नवशिक्यांचा सगळ्यात नेहमीचा दोष. म्हणून उन्हाळ्यात राळ वाढवून पिच कडक करावं, किंवा सरळ पहाटे काम करावं. सहा-आठ तासांच्या पॉलिशनंतर दुधी काच पारदर्शक होते आणि प्रकाश परत पाठवू लागते. अजून तिच्यावर कोणताही लेप नाही. उघडी काच जेमतेम ४ टक्के प्रकाश परावर्तित करते, पण तपासणीला तेवढा पुरतो.

आणि इथून खरं काम सुरू होतं.

किती अचूक म्हणजे पुरेसं? प्रकाश ही लाट आहे आणि तिची लांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आरशाच्या वेगवेगळ्या भागांतून परतलेल्या लाटा एकमेकींच्या पाव लांबीपेक्षा जास्त मागे-पुढे असू नयेत, हा जुना आणि अजून टिकलेला निकष. प्रकाश आरशाकडे जातो आणि परत येतो, त्यामुळे काचेतली चूक दुप्पट होते. म्हणून काचेवर सवलत आठव्या भागाचीच, सुमारे ०.०७ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हजारावा भाग म्हणालो तो हा. एवढं माप घेणारं कोणतंही साधं हत्यार बाजारात मिळत नाही. पट्टी, व्हर्नियर, मायक्रोमीटर सगळे इथे आंधळे.

लिऑं फुको हे नाव आपल्याला लंबकामुळे माहीत आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तसा लंबक आहे. त्याच फुकोने १८५८ च्या सुमारास आरसा पारखण्याची युक्ती काढली. तिला लागतं काय, तर एक बारीक दिवा आणि दाढीचं एक पातं.

अंधाऱ्या खोलीत आरसा उभा ठेवायचा. त्याच्यापासून २.४ मीटरवर, म्हणजे वक्रताकेंद्राशी (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याच्या केंद्राशी), एलईडीसमोर एक अरुंद फट ठेवायची. गोलाच्या केंद्रातून निघालेला किरण गोलाला लंब असतो, म्हणून आला त्याच वाटेने परत जातो. तेव्हा आरसा खरोखर गोल असेल तर सगळे किरण परत त्या फटीशेजारीच एका बारीक प्रतिमेत गोळा होतात. या प्रतिमेमागे डोळा ठेवला की अख्खा आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसतो. आता बाजूने पातं हळूच सरकवत ती प्रतिमा कापायची. सगळे किरण एकाच जागी आलेले असतील तर सगळे एकदमच अडतील, आणि आरसा सगळीकडून सारखा राखाडी होत विझेल. पातं केंद्राच्या पुढे, आरशाच्या बाजूला असेल तर सावली पात्याच्याच बाजूने शिरते. मागे असेल तर उलट बाजूने. त्यावरून पातं कुठे आहे ते कळतं.

पण आरशाचा एखादा पट्टा चुकीच्या उतारावर असेल, तर तिथले किरण थोडे बाजूला येतात. पातं काहींना आधी अडवतं, काहींना नंतर. तो पट्टा बाकीच्यापेक्षा काळा किंवा उजळ दिसतो. भर दुपारी नांगरलेलं शेत सपाट वाटतं, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यातलं प्रत्येक ढेकूळ लांब सावली टाकून उठून दिसतं. फुकोच्या चाचणीत आरसा तसाच दिसतो, जणू एका बाजूने तिरपा उजेड पडलेली भूमी. उंचवटे, चर, पडलेली कड, सगळं समोर येतं.

हे इतकं बारीक कसं दिसतं, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. समजा काचेच्या एका भागाचा उतार मीटरला एक मायक्रॉन एवढाच चुकला आहे. परतणारा किरण त्याच्या दुपटीने वळतो आणि २.४ मीटर प्रवास करून पात्यापाशी सुमारे ५ मायक्रॉन बाजूला पडतो. फट २५ मायक्रॉनची असेल तर हा तिचा पाचवा भाग, आणि उजेडातला एवढा फरक डोळ्याला सहज कळतो. असा उतार काचेवर दोन सेंटिमीटरभर पसरलेला असला, तर तिथल्या उंचीतला फरक ०.०२ मायक्रॉन. खोलीची लांबी, एक पातं आणि डोळा मिळून हे सूक्ष्म माप होतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री बराच वेळ आरशासमोरून उठलो नव्हतो.

आणखी एक प्रयोग प्रत्येकाने करावा. आरशावर अंगठा अर्धा मिनिट टेकवायचा आणि लगेच पात्यामागून बघायचं. अंगठ्याच्या जागी टेकडी उभी राहिलेली दिसते. बोटाच्या उबेने काच तेवढी फुगलेली असते. काही मिनिटांत ती टेकडी ओसरते. पॉलिश केल्या केल्या घेतलेली चाचणी का खोटी असते, हे यानंतर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. घर्षणाने तापलेली काच निवेपर्यंत थांबायचं, साधी काच असेल तर तास-दोन तास.

आता एक अवघड वळण. तारा फार लांब असल्यामुळे त्याचे किरण आरशावर समांतर येतात, केंद्रातून येत नाहीत. समांतर किरणांना गोल आरसा एका बिंदूत आणत नाही. कडेचे किरण थोडे अलीकडेच मिळतात. सगळ्यांना एकत्र आणणारा आकार म्हणजे अन्वस्त, इंग्रजीत पॅराबोला. आपल्या सहा इंची एफ/८ आरशात गोल आणि अन्वस्त यांच्यात सर्वांत जवळ जुळवून पाहिलं तर फरक सुमारे ०.०७ मायक्रॉनच राहतो, म्हणजे बरोबर सवलतीच्या काठावर. म्हणून पहिल्यासाठी हे माप: नुसता गोल झाला तरी दुर्बीण कामाची, आणि पुढे जाऊन अन्वस्त केला तर उत्तम. हाच व्यास घेऊन एफ/५ केला असता तर हा फरक चौपट होऊन बसला असता.

पण केंद्रावरच्या चाचणीत तर गोलच निर्दोष दिसतो. अन्वस्ताकडे नेलेला आरसा तिथे मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये खळगा आणि भोवती फुगवटा. शिकणारे बहुतेक इथे गोंधळतात. आपल्याला हवा असलेला आकार या चाचणीत दोष म्हणून दिसणार, आणि तो दोष नेमका किती असावा हे आपण आधी हिशेबाने जाणतो. मग करायचं एवढंच की तो मोजायचा. पुठ्ठ्यात समोरासमोर खिडक्यांच्या जोड्या कापून आरशापुढे ठेवतात. एका जोडीच्या दोन्ही खिडक्या एकदम विझतील तिथे पातं आणून जागा टिपतात, मग पुढची जोडी. दिवा आणि पातं एकत्र सरकत असतील तर मध्यापासून कडेपर्यंत पात्याची जागा १.१७ मिलिमीटर सरकायला हवी. हा तोच मघाचा आकडा, कारण दोन्हींचं सूत्र एकच आहे. हे सरकणं मोजायला महागडं साधन नको. सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचे आटे एकेक मिलिमीटरवर असतात. त्याच्या डोक्यावर वीस खुणांची चकती चिकटवली की ०.०५ मिलिमीटर वाचता येतं.

गोलाचा अन्वस्त करायला मध्यावर थोडे जास्त फटके मारतात, इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात काच इकडून तिकडे नेत. काही मिनिटांचं काम, मग निवेपर्यंत थांबणं, मग चाचणी. दहा मिनिटांऐवजी पंधरा घासलं की मध्य जास्त खोल जातो, आणि मागे यायला पुन्हा गोलापर्यंत जावं लागतं.

फुकोच्या आधी लोक काय करत असतील? अठराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल याने इंग्लंडमधल्या बाथ या गावातल्या घरी धातूचे आरसे ओतले, घासले आणि थेट आकाशाकडे रोखून पारखले. एकदा सलग सोळा तास त्याने आरशावरून हात काढला नाही, आणि बहीण कॅरोलिनने त्याला घास भरवले, असं तिनेच लिहून ठेवलं आहे. अशाच घरच्या, सहा इंचांहून थोड्या मोठ्या आरशाने १३ मार्च १७८१ ला त्याला युरेनस सापडला. हे वाचताना मला त्याच्या चिकाटीइतकीच त्याच्या अडचणीचीही जाणीव होते: चूक कुठे आहे हे सांगणारं पातं त्याच्याजवळ नव्हतं.

आणि पारखणारं साधनच चुकलं तर? हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत घडवला होता. पण तो तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. घडवणाऱ्यांनी आरसा त्या उपकरणाशी काटेकोर जुळवला, आणि कड २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाली. साध्या पद्धतींच्या इतर चाचण्यांनी चूक दाखवली होती, पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, प्रतिमा धूसर आल्या, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारणारी उपकरणं बसवली. म्हणून माझा आग्रह असतो की गच्चीवरचा सहा इंचीसुद्धा दोन वेगळ्या चाचण्यांनी बघावा. दुसरी म्हणजे रोंकीची: पात्याच्या जागी बारीक समांतर रेषांची जाळी धरायची. केंद्राच्या जरा अलीकडे-पलीकडे गोल आरशात त्या रेषा सरळ दिसतात, अन्वस्तात हलक्या वाकतात, आणि कड पडली असेल तर रेषांची टोकं अचानक आकड्यासारखी वळतात.

शेवटी ॲल्युमिनिअमचा लेप. निर्वात पेटीत धातू तापवून त्याची वाफ काचेवर बसवतात, थर एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा. हे घरी होत नाही, आरसा पाठवावा लागतो.

पाठवण्याआधी मात्र तो उघड्या काचेसहच नळीत बसवावा. ४ टक्के प्रकाश अभिजितसारख्या ठळक ताऱ्याला पुरतो. तारा डोक्यावर असताना, आरसा हवेइतका निवल्यावर, आयपीस नाभीच्या थोडं आत सरकवायचं. ताऱ्याची एक लहान चकती होते, एकात एक कड्यांची. मग तेवढंच बाहेर. आतली आणि बाहेरची चकती सारख्या दिसल्या, कडी दोन्हीकडे तितकीच ठळक दिसली, तर आरसा खोक्यात भरून लेपासाठी पाठवायला हरकत नाही. नाहीतर पिच परत गरम करायचं.